काउन्सेलरच्या केबिनमध्ये नेमकं काय होतं?

नमस्कार मंडळी. मी सायकॉलॉजिस्ट आहे, इथं सोलापुरात विद्यापीठाच्या पोरापोरींचं काउन्सेलिंग करते, आणि लग्नाकार्यात कुणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, म्हणजे तू गोळ्या देतीस का? नाही ओ. गोळ्या सायकिॲट्रिस्ट देतात, ते एमबीबीएस करून पुढं शिकलेले डॉक्टर. मी ऐकते, बोलते, आणि गोळ्यांची गरज वाटली तर त्यांच्याकडं पाठवते.

आता "मॅडम मला डिप्रेशन आलंय" असं म्हणत फार कमी पोरं येतात. करमाळा, सांगोला, अक्कलकोटकडनं आलेलं पोरगं म्हणतं डोकं जड राहतंय, वाचलेलं ध्यानात राहिना, मेसचं जेवण घशाखाली उतरंना. म्हणून मी आधी झोप आणि जेवणच विचारते, मार्कांचं नंतर. आणि आपल्या सोलापुरात कुणाच्या घरी कन्नड, कुणाच्या घरी तेलुगू, त्यामुळं मराठीत फाडफाड बोलणारी पोरगी रडायला लागली की घरच्या भाषेत जाते, जाऊ दे की, मी निम्मं समजून घेते, उरलेलं नंतर विचारते.

सगळ्यांना भीती एकच, घरी कळणार का? तर नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात उपचार घेणाऱ्याची माहिती गुप्त ठेवायचा हक्क दिलेलाय. वडिलांचा फोन आला, "आमचा पोरगा काय बोलला ओ?" तरी मी सांगत नाही, डिपार्टमेंटच्या सरांनाही नाही. पण जिवाला धोका असेल तर गप्प बसता येत नाही, आणि हे मी पहिल्याच भेटीत सांगून टाकते, नंतर फसवल्यासारखं वाटायला नको.

म्हणून मी सरळ विचारते, जीव द्यायचे विचार येतात का? लोकांना वाटतं असं विचारलं की डोक्यात नसलेलं भरतं. तसं काही होत नाही, उलट कितीतरी जण मोकळा श्वास घेतात, चला कुणीतरी विचारलं तरी. हो म्हणालं तर मग बारीकसारीक बोलणं सुरू होतं, रूमवर रात्री सोबत कोण असतं, फोन कुणाला करशील, गावाकडं फवारणीचं औषध कुठं ठेवतात. हा शेवटचा प्रश्न विचित्र वाटेल, पण शेतकऱ्याच्या घरात तो विचारावाच लागतो, औषध कुलपात गेलं की त्या वाईट तासाभरात हाताशी येत नाही.

२०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत निदान एक काउन्सेलर, सायकॉलॉजिस्ट किंवा सोशल वर्कर पाहिजेच. चांगलंय. फक्त त्याची खोली फी काउंटरच्या रांगेसमोर देऊ नका राव, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आत कोण येणार?

आणि रात्री दोनला फारच घालमेल झाली तर १४४१६, टेलीमानस, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू, मराठीत बोला. नंबर आत्ता सेव्ह करा, व्हिडिओ लाईक नंतर केला तरी चालतंय.