पाणथरी काढलेल्या लेकराला ताप आला तर

नमस्कार मंडळी. मी चंद्रपूर जिल्ह्यातनं बोलतेय, एका सिकलसेलवाल्या मुलाची आई. आज पाणथरीबद्दल बोलायचंय, डॉक्टर लोक तिला प्लीहा नाहीतर स्प्लीन म्हणतात. पोटात डाव्या बाजूला बरगड्यांखाली असते, मुठीएवढी, दीडेकशे ग्रॅमची, आणि धडधाकट माणसाच्या हाताला ती सहसा लागतच नाही.

माझ्या मुलाची लागायची. एसएस पॅटर्न आहे त्याचा, म्हणजे आई आणि बाप दोघांकडूनही सिकलसेल आलेला. सिकलसेल या रक्ताच्या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात आणि पाणथरीच्या बारीक वाटांत अडकून बसतात, कधीकधी तर इतकं रक्त तिथे अडकतं की काही तासांत ती फुगते आणि बाकीच्या अंगाला रक्तच पुरत नाही. पहिल्यांदा असं झालं तेव्हा तो साडेतीन वर्षांचा होता, सकाळी अंगणात खेळत होता आणि दुपारी बघते तर ओठ पांढरेफटक, नुसता पडून, चड्डीचं इलॅस्टिक पोटात रुतलेलं. सासूबाई म्हणाल्या नजर लागली, मीठमोहऱ्या ओवाळल्या, त्यांचाही जीव तुटत होता हो. दवाखान्यात नेलं तर हिमोग्लोबिन 4. रक्त चढवलं म्हणून पोरगा हाती लागला.

तिथल्या सिस्टरने मला एक गोष्ट शिकवली. लेकराला उताणं झोपवायचं, गुडघे जरा वर घ्यायला लावायचे आणि बेंबीच्या खालून डाव्या बरगडीकडे हलक्या हाताने चाचपत जायचं. टणक काठ लागला की बरगडीपासून किती बोटं ते मोजायचं. तिने बॉलपेनने पोटावर रेघच मारून दिली होती, आंघोळीत पुसली की मी परत काढायची. रोज सकाळी दोन बोटं भरायची. एका सकाळी चार भरली, तशीच उचलून नेला.

दुसऱ्यांदा असं झाल्यावर डॉक्टर म्हणाले आता पाणथरी काढावी लागेल. पाच वर्षांच्या आत शक्यतो काढत नाहीत, म्हणून थोडं थांबून सहाव्या वर्षी दुर्बिणीचं ऑपरेशन झालं. त्याआधी दोन आठवड्यांहून जास्त दिवस हातात ठेवून न्यूमोकोकल, मेनिंगोकोकल आणि हिब या जंतूंवरची लस दिली, ही तारीख कोणी विसरू नका.

घरी आल्यावर सगळे म्हणाले, सुटलं पोर. तसं नाही हो. सिकलसेल रक्तात आहे, तो जात नाही, हातपाय दुखणं अजून होतं, हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलचं औषध चालूच आहे. आयटीपी नावाच्या दुसऱ्या आजारात प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, कमी होतात म्हणून पाणथरी काढली तर तीनातल्या साधारण दोघांना चांगला फायदा होतो, पण आमचं दुखणं वेगळं.

आणि आता मेन गोष्ट. पाणथरी रक्त गाळते, त्यातले जंतू पकडते. ती गेली की न्यूमोकोकससारखा जंतू एका रात्रीत रक्तभर पसरू शकतो, आणि सुरुवातीला दिसतो फक्त साधा ताप. माझ्या मुलाला एकदा रात्री अकरा वाजता 102 ताप आला, जवळच्या डॉक्टरांनी सांगितलं पॅरासिटामॉल द्या, सकाळी बघू. मी नाही थांबले. शेजाऱ्यांना उठवलं, ऑटो काढायला लावला, मोठ्या दवाखान्यात नेलं आणि तिथे ताबडतोब शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं. तुम्हीही थांबू नका, अमावस्या असो की घरात लग्न असो. आपल्या भागात मलेरिया आहे, तोही अशा लेकरांना जोरात होऊ शकतो, म्हणून मच्छरदाणी रोज लावा. कुत्रा चावला, नुसतं खरचटलं तरी रेबीजच्या इंजेक्शनसोबत अँटिबायोटिकचं विचाराच.

पेनिसिलिनची गोळी सकाळ-संध्याकाळ, डॉक्टर सांगतील तितकी वर्षं. त्याच्या कंपासपेटीत मी एक कार्ड ठेवलंय, लॅमिनेट केलेलं, गुरुजींनाही दाखवून ठेवलंय. रात्रीच्या ड्युटीवर नवीन डॉक्टर असतात, त्यांना आपलं लेकरू माहीत नसतं, म्हणून केसपेपर काढायच्याही आधी हे बोला: याची पाणथरी काढलेली आहे आणि याला ताप आहे.