केळं उडतं कधी, फुटतं कधी

नमस्कार श्रोतेहो.

दोन इमारतींच्या गच्च्यांवर दोन गोरिला. कोन टाकायचा, वेग टाकायचा, एंटर मारायचं की केळं निघालं समोरच्याच्या अंगावर. १९९१ साली एमएस-डॉस ५ या संगणक प्रणालीसोबत क्यूबेसिक हे प्रोग्रॅम लिहायचं साधन आलं आणि त्याच्याबरोबर नमुना म्हणून हा गोरिला आणि निबल्स नावाचा साप. नाशकात कॉलेजरोडपासून नाशिकरोडपर्यंत जे संगणक क्लास निघाले, तिथे सर चहाला गेले की पडद्यावर काय दिसायचं, ते सांगायला नको.

हेच खेळ आज कुणी हौसेनं शोधून काढतो आणि दहा मिनिटांत हिरमुसून बंद करतो. साप वळायच्या आत भिंतीला धडकलेला असतो. प्रिन्स ऑफ पर्शिया या खेळातला प्रिन्स उडी मारायची सोडून खड्ड्यात जातो. चित्र बसकं दिसतं. ‘याच्यासाठी आपण घरच्यांची बोलणी खाल्ली?’ असा प्रश्न पडतो. प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर देण्याआधी मशिन नीट लावलंय का ते बघा, कारण यातली निम्मी निराशा खेळामुळे येतच नाही.

आधी वेगाचं बघू. १९८१ च्या आयबीएम पीसीचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झवर चालायचा. त्या काळातले बरेचसे खेळ घड्याळ बघत नसत. क्षणभर थांबायचं असेल तर प्रोग्रॅम नुसता आकडे मोजत बसायचा. प्रोसेसर दसपट झाला की मोजणी दसपट लवकर आटपते आणि खेळ उधळतो. मधल्या काळातल्या मशिनांवर टर्बोचं बटण असायचं ते यासाठीच. नाव टर्बो, पण त्याचं खरं काम वेग उतरवण्याचं. निबल्स बनवणाऱ्यांना ही अडचण ठाऊक होती. खेळ सुरू होताना १ ते १०० मधली पातळी विचारतो आणि संगणकाच्या वेगाचा त्यावर परिणाम होऊ शकतो, असं तिथेच सांगून टाकतो. गोरिलाचा उपाय तर त्याच्या प्रोग्रॅममध्येच लिहिलेला आहे. क्यूबेसिकात फाइल उघडा, सुरुवातीच्या टिपेखाली स्पीडकॉन्स्ट हा आकडा ५०० ठेवलेला दिसेल. तो वाढवला की खेळ जलद, घटवला की सावकाश. १९८४ चा ॲली कॅट हा मांजराचा खेळ मात्र घड्याळ बघून चालणाऱ्यांपैकी. त्याचं मांजर आजही आपल्याच चालीनं चालतं.

आजचं ६४ बिटी विंडोज जुने १६ बिटी प्रोग्रॅम चालवतच नाही, म्हणून डॉसबॉक्स, म्हणजे जुन्या डॉस संगणकाची नक्कल करणारा प्रोग्रॅम, घ्यावा लागतो. तो फुकट आहे. त्याच्या खिडकीच्या वरच्या पट्टीत सायकल्सचा, म्हणजे नकली प्रोसेसरच्या वेगाचा, आकडा दिसतो, तो बहुतेक खेळांना सुरुवातीला ३००० असतो. कंट्रोल धरून एफ ११ दाबलं की कमी, एफ १२ दाबलं की जास्त. बऱ्याच लॅपटॉपवर जोडीला एफएनही दाबावं लागतं, नाहीतर आवाज किंवा उजेड कमी-जास्त होत राहतो आणि डॉसबॉक्सला उगाच बोल लागतो. खेळ ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचा असेल तर आकडा ३०० च्या आसपास आणा. एकेक बटण दाबत बसण्यापेक्षा प्रॉम्प्टवर, म्हणजे डॉसबॉक्समध्ये आज्ञा टाइप करायच्या ओळीवर, सायकल्स, बरोबरचं चिन्ह आणि ३०० असं सलग टाइप केलं की काम होतं. टर्बो पास्कल या त्या काळच्या भाषेत लिहिलेले काही प्रोग्रॅम वेगवान मशिनवर रनटाइम एरर २०० देऊन सुरुवातीलाच मान टाकतात. त्याची गोम अशी : प्रोग्रॅम घड्याळाच्या एका ठोक्यात किती फेऱ्या होतात ते मोजतो, त्या संख्येला ५५ ने भागतो, आणि उत्तर १६ बिटांत मावत नाही. तिथेही सायकल्स उतरवणं हाच इलाज.

आता चित्र. त्या वेळचा पडदा आडवा ३२० आणि उभा २०० ठिपक्यांचा, पण दाखवला जायचा चारास तीन आकाराच्या मॉनिटरवर. म्हणजे प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा थोडा उंच. आजच्या पडद्यावर ठिपके चौरस धरले की चित्राची उंची एक षष्ठांश घटते, चंद्र भाकरीसारखा पसरतो आणि माणसं ठेंगणी होतात. डॉसबॉक्सच्या कॉन्फिग फाइलमध्ये आस्पेक्ट या शब्दापुढे फॉल्स असेल, तिथे ट्रू करा. पडदा टीव्हीचा असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये गेम मोडही चालू करा. टीव्ही चित्र गुळगुळीत करण्यात जो वेळ घालवतो, तेवढी बोटं आणि चित्र यांची चुकामूक होते.

एवढं सगळं करूनही प्रिन्स खड्ड्यात पडतो का? पडतो. तिथे मशिनला दोष देऊ नका. प्रिन्स ऑफ पर्शियाची हालचाल सेकंदाला साधारण १२ चित्रांची आहे आणि धावणारा प्रिन्स टाकलेलं पाऊल पुरं केल्याशिवाय ऐकत नाही. त्यामुळे उडीचं बटण कडेच्या एक पाऊल आधी दाबायचं. शिफ्ट धरून चाललात तर तो जपून पाऊल टाकतो आणि कडेला येऊन थांबतो. ही सवय विसरली जाते, आणि ‘खेळ आता जड झाला’ असं वाटायला लागतं. पूर्ण खेळाला ६० मिनिटं आहेत. तिसऱ्या पातळीपासून कंट्रोल आणि जी दाबून खेळ जपून ठेवता येतो, पण ते वापरताना हात आखडताच ठेवा. जपून ठेवलेला खेळ त्या पातळीच्या सुरुवातीपासूनच उघडतो, पण दर पातळीला तसं करत राहिलं तर ६० मिनिटांची भीती उरत नाही आणि खेळात मागे फक्त विटा उरतात.

डेंजरस डेव्हचं दुखणं निराळं. त्याच्या पातळ्या सगळ्या मिळून १०. चषक उचलायचा, दार गाठायचं. वाट पाठ असेल तर हा खेळ बघता बघता संपतो. तेव्हा तो महिनोन्‌महिने पुरायचा, कारण एका मशिनला चार पोरं आणि आठवड्याला दोन तास. आता मशिन अख्खं आपलं आणि रविवारही आपला. इथे कुठलंही सेटिंग उपयोगी पडत नाही.

काही खेळ तर मुळातच सदोष होते. स्पेक्ट्रम या घरगुती संगणकावर १९८४ साली आलेला जेट सेट विली त्यातला नामांकित. ॲटिक, म्हणजे माळ्याच्या खोलीत एकदा पाऊल टाकलं की मेमरीतल्या दुसऱ्याच खोल्या बिघडायच्या आणि तिथे गेलं की मरण ठरलेलं. खेळ पुरा होणंच शक्य नव्हतं. त्या खोल्यांत विषारी वायू आहे, हे आम्ही मुद्दाम केलंय, असा खुलासा कंपनीनं आधी केला आणि नंतर दुरुस्तीचे आकडे छापले. तोवर कित्येकांनी स्वतःच्या बोटांना दोष दिला असेल!

ज्यांच्याकडे मूळ फ्लॉप्या आहेत त्यांनी जरा सबुरीनं घ्यावं. गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पूर येतो त्या दिवसांत जुन्या नाशकातल्या वाड्यांना ओल धरते आणि माळ्यावरच्या खोक्यात बुरशी. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या लांबट खिडकीतून चकतीवर विजेरी मारून बघा. पांढुरके ठिपके दिसले तर ती ड्राइव्हमध्ये घालूच नका. बुरशी ड्राइव्हच्या हेडला, म्हणजे चकती वाचणाऱ्या भागाला, चिकटते आणि पुढची प्रत्येक फ्लॉपी ओरबाडते. स्वच्छ असेल तर आधी लेखनबंदी करा : सव्वापाच इंचीची बाजूची खाच चिकटपट्टीनं झाका, साडेतीन इंचीचं भोक उघडं ठेवा. बाजारातली यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह फक्त साडेतीन इंची वाचते.

आणि गोरिला एकट्यानं खेळू नका. तो मुळात दोघांचा खेळ आहे. समोरच्यानं केळं टाकलं की त्याचा कोन आणि वेग लक्षात ठेवायचा, खालचा वाऱ्याचा बाण बघायचा आणि मग आपला आकडा ठरवायचा. पहिल्या फेकीला ४५ अंश धरा, वेग अंतर बघून. मध्येच एखादं केळं वर सूर्याला लागलं तर त्याला गुण मिळत नाहीत. सूर्य तेवढा ‘आ’ वासतो.

नमस्कार.