सौदा ध्यानात राहतो, पट्टी राहत नाही

(दृश्य: सांगली मार्केट यार्ड, सकाळ. हळदीचे उघड सौदे.)

हळदीचा हंगाम भरात आहे. अडत दुकानांपुढं राजापुरी हळदीचे ढीग लागलेत. खरेदीदार हळकुंड मोडून आतला रंग बघतायत, भाव पुकारले जातायत. या गलक्यात एका दुकानाचे दिवाणजी उभे आहेत. वय चाळिशीच्या आत. कुठल्या गावचा माल, किती पोती, कितीला गेला, हे सगळं ते वही न उघडता सांगतात.

याच दिवाणजींना दुपारी भेटा. आता शेतकऱ्यांच्या पट्ट्या करायच्या आहेत. वजन, भाव, त्यातून हमाली-तोलाई वजा, हातात येणारी रक्कम. काम तासाभराचं. ते बसतात. फोन वाजतो, उठतात. परत येतात तेव्हा समोर दुसरंच बाड उघडलेलं असतं. संध्याकाळी शेतकरी दारात उभा, आणि पट्टी कोरी.

ते सांगतात, "मला करायचं असतंय हो. त्यासाठीच बसलेलो असतोय. पण हात वहीकडं जातच नाही."

हे वाक्य नीट ऐका. आळशी माणसाला करायचंच नसतं. इथं इच्छा आहे, समज आहे, कामाची लाजसुद्धा आहे. अडतंय ते इच्छेपासून कृतीपर्यंतच्या वाटेवर.

दिवाणजींना एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष वळवणं आणि स्वतःला आवरणं जड जाणारी अवस्था. पूर्ण नाव अटेंशन डेफिसिट हायपरअ‍ॅक्टिव्हिटी डिसऑर्डर. त्यांना हे कळलं मुलामुळं. मुलगा तिसरीत. बाकावर बसत नाही, प्रश्न संपायच्या आत उत्तर देतो, डबा शाळेत विसरतो. शाळेनं सुचवलं म्हणून त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडं नेलं. डॉक्टर मुलाबद्दल एकेक विचारत होते आणि वहिनी नवऱ्याकडं बघत होत्या. प्रत्येक उत्तर दोघांना लागू पडत होतं. यात नवल नाही. जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांतून दिसतं की एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा साधारण ७० ते ८० टक्के असतो.

(दृश्य: उसाच्या शेतात पाणी पाजणारा माणूस.)

मेंदूत काय होतं? आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे चटकन समजेल. मोटर चालू आहे, पाणी भरपूर आहे, पण दारं धरायला, म्हणजे पाणी एका सरीतून दुसरीत वळवायला, माणूस नाही. मग एका सरीत पाणी तुंबतं आणि पलीकडची कोरडी राहते. लक्ष कमी नसतं, ते हवं तिथं वळवता येत नाही. म्हणून तर सौद्याच्या धामधुमीत दिवाणजी एकाग्र असतात. तिथं दर क्षणाला नवं काही घडतं. कोऱ्या पट्टीत तसं काही नसतं.

लक्ष वळवण्याचं आणि आवर घालण्याचं काम मुख्यतः मेंदूच्या पुढच्या भागाकडं असतं. डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिन ही रसायनं त्यात महत्त्वाची. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांना २००७ साली दिसलं की एडीएचडी असलेल्या मुलांत मेंदूच्या बाह्य थराची वाढ त्याच क्रमानं होते, पण सरासरी तीनेक वर्षं उशिरा. नऊ वर्षांच्या पोराला "एवढा घोडा झालास" म्हणताना हे आठवावं.

आणि हे मोबाइलमुळं आलेलं नाही. लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी अशा मुलांबद्दल व्याख्यानं दिली ती १९०२ साली. बुद्धी शाबूत असलेल्या मुलांतही हे आढळतं, असं त्यांनी तेव्हाच नोंदवलं. "हुशार आहे, म्हणजे त्याला काही झालेलं नाही" हे आपण अजून म्हणतो.

मुलींचं दुःख वेगळं. त्या बऱ्याचदा धुडगूस घालत नाहीत. खिडकीबाहेर बघत गप्प बसतात, म्हणून कुणाच्या नजरेत येत नाहीत. पुढं संसारात दूध उतू गेलं, बिल भरायचं राहिलं, की "धांदरट" हा शिक्का बसतो. कित्येकींना निदान मिळतं ते स्वतःचं मूल डॉक्टरांकडं नेल्यावर, किंवा कधीच नाही.

रक्त तपासून किंवा एमआरआय काढून एडीएचडी कळत नाही. लक्षणं किमान सहा महिने आहेत का, बाराव्या वर्षाआधी दिसत होती का, घरी आणि शाळेत अशा दोन्हीकडं त्रास होतो का, हे डॉक्टर तपासतात. झोप, थायरॉइड, ऐकू येणं, चिंता यांतलं काही कारण नाही ना, हेही बघतात. एक-दोन रील बघून स्वतःच निदान करून घेऊ नये.

गोळ्यांची भीती घरोघरी आहे. मिथाइलफेनिडेट हे औषध १९४४ साली प्रथम बनवलं गेलं, दशकानुदशकं वापरात आहे. ते गुंगीचं औषध नाही. भूक आणि झोप कमी होऊ शकते, म्हणून मुलाचं वजन आणि उंची बघत राहावी लागते. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचंच नाही. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी आधी आईवडिलांना प्रशिक्षण दिलं जातं. गोळी दारं धरायला मदत करते, पण पट्टी लिहायची शिस्त वेगळी बसवावी लागते.

(दृश्य: दुकान, दुपार. दिवाणजी आणि मुकादम एका बाकावर.)

दिवाणजींनी ती बसवली. पट्टी आता दुपारवर ढकलत नाहीत. सौदा ठरला की जागेवरच लिहायला घेतात. उरलेल्या हिशोबाला हमालांचे मुकादम शेजारी येऊन बसतात. बोलत नाहीत, नुसते बसतात. कुणी सोबत असलं की अशा माणसाचं काम सुरू होतं, आणि सुरू होणं हेच त्याला सगळ्यात जड असतं. किल्लीला दाराजवळ एकच खिळा ठरलाय. आठवण करून देण्याचं काम फोनच्या गजराकडं गेलंय. त्यामुळं वहिनींचं नवऱ्याच्या मागं लागणं संपलं. मला या घरातला हाच बदल सगळ्यात मोठा वाटतो.

मुलाला एका वेळी एकच सूचना, त्याच्याजवळ जाऊन. दहा मिनिटं अभ्यास, मग आमराईत पळून येणं, परत दहा मिनिटं. जमलं की तिथल्या तिथं शाबासकी. फटके बंद. फटक्यांनी मूल घाबरतं, त्याचं लक्ष वाढत नाही.

तुमच्या घरात असं कुणी असेल, तर मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. डॉक्टरांकडं जाताना शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं शोधून सोबत न्या. आपण मोठे असलो तरी आपलीही न्या. बाईंनी तेव्हा लिहिलेले शेरे डॉक्टरांना कामी येतात.