पीटरबरोचा संघ गाव सोडून का गेला नाही

मित्रहो,

पत्रिकेत माझ्या नावापुढे पंचेचाळीस मिनिटं छापली आहेत. त्यातली बरीचशी दीपप्रज्वलन, स्वागतगीत आणि प्रायोजकांच्या सत्कारात खर्ची पडली. उरलेल्या वेळात मला एका ज्युनिअर आईस हॉकी संघाचा सत्तर वर्षांचा इतिहास सांगायचा आहे, त्यामुळे मध्येच कुणी ध्यानचंदांचा विषय काढू नये ही विनंती. (हशा)

आपल्या मंडळात घरटी एक टोरोंटो मेपल लीफ्स संघाची निळी जर्सी आहे. ज्या संघाने एनएचएल या बड्या व्यावसायिक हॉकी लीगचा स्टॅनली कप शेवटचा १९६७ साली जिंकला, त्याच्यासाठी आपण शेकडो डॉलर मोजतो आणि रडत घरी येतो. टोरोंटोहून दीड-दोन तासांवर मात्र पीटरबरो नावाचं ऐंशी-पंच्याऐंशी हजार वस्तीचं गाव आहे. तिथे सोळा ते वीस वयाची पोरं असं हॉकी खेळतात की बघत राहावं. तिथे आपल्यातलं कोण जाऊन आलंय? हात वर करा. दोन. त्यातले एक धरण बघायला गेले असतील.

माझा प्रश्न साधा आहे. ओंटारियो हॉकी लीग या ज्युनिअर लीगमधले संघ बिऱ्हाडं हलवत असतात. ब्रॅम्प्टनकरांना हे सांगायला नको. तुमचा बटालियन नावाचा संघ २०१३ साली उठून नॉर्थ बेला गेला आणि २०२४ मध्ये मिसिसागाचे स्टीलहेड्स तुमच्याकडे राहायला आले. पीटरबरो पीट्स मात्र १९५६ पासून त्याच गावात, त्याच मेमोरियल सेंटरमध्ये खेळताहेत. एका गावात इतकी वर्षं खंड न पडता टिकलेला दुसरा संघ या लीगमध्ये नाही. का टिकला, याचं उत्तर देण्याचं मी पत्रिकेत कबूल केलं आहे. देतो.

मुळात हा संघही आयताच आला. किचनरचे कनक्स १९५६ साली इकडे हलले. टोरोंटो-पीटरबरो ट्रान्सपोर्ट या ट्रकवाहतुकीच्या कंपनीचं नाव लावून ते टीपीटी पीट्स झाले. मागे हात माँट्रियल कॅनेडियन्सचा होता. त्या काळी एनएचएलचे संघ ज्युनिअर संघ पोसायचे आणि त्यातली पोरं आपल्यासाठी राखून ठेवायचे. माँट्रियलने प्रशिक्षक म्हणून पंचविशीचा एक तरुण पाठवला, स्कॉटी बोमन. त्याने १९५९ साली संघाला मेमोरियल कपच्या, म्हणजे कॅनडाच्या ज्युनिअर विजेतेपदाच्या, अंतिम फेरीत नेलं. तिथे विनिपेग ब्रेव्हजनी हरवलं. पुढे हाच बोमन प्रशिक्षक म्हणून नऊ स्टॅनली कप जिंकला.

पण बोमनवर बोलायला जगभर माणसं आहेत. मी बोलणार आहे रॉजर नीलसनवर. १९६६ ते १९७६ ही दहा वर्षं पीट्सचे प्रशिक्षक, आणि पेशाने शाळामास्तर. हे मास्तरपण विसरायचं नाही, कारण या माणसाने हॉकीची नियमावली आपल्याकडचा मुरलेला वकील कूळकायदा वाचतो तशी वाचली होती.

पेनल्टी शॉट म्हणजे काय? एक खेळाडू पक, म्हणजे रबरी चकती, घेऊन एकटा धावत येतो, समोर फक्त गोली, म्हणजे गोलरक्षक. नीलसननी नियम वाचला आणि त्यांच्या लक्षात आलं की समोर गोलीच असला पाहिजे असं कुठेच म्हटलेलं नाही. त्यांनी गोलीला बाहेर बोलावलं आणि जागेवर रॉन स्टॅकहाउस नावाचा दांडगा डिफेन्समन उभा केला. पकने निळी रेघ ओलांडली रे ओलांडली की हा गडी जाळं सोडून थेट अंगावर. मारणाऱ्याची भंबेरी! युक्ती लागू पडली, आणि लगेच नियम बदलला.

दुसरी. सामन्याची शेवटची मिनिटं. पीट्स एका गोलने पुढे, पण दोन गडी चुकांपायी थोडा वेळ बाहेर, शिक्षेच्या पेटीत. गोली सोडून बर्फावर तिघांपेक्षा कमी गडी ठेवता येत नाहीत. म्हणजे आता नवी शिक्षा झाली तरी ती रांगेत उभी राहणार, भोगायची वेळ येण्याआधी सामना संपणार. मग नीलसन मुद्दाम जास्तीचा गडी आत पाठवायचे. शिट्टी, खेळ बंद, पुन्हा सुरुवात. पुन्हा जास्तीचा गडी. समोरचा संघ रडकुंडीला. आता अशा वेळी थेट पेनल्टी शॉट देतात, तो या मास्तरांच्या कृपेने.

तिसरी. गोलीला बाहेर काढून सहावा गडी आत घ्यायचा तेव्हा गोलीला सांगायचं, जाताना तुझी काठी जाळ्यासमोर आडवी टाकून ये. (हशा) तीही बंद झाली. एका ज्युनिअर प्रशिक्षकामुळे नियमपुस्तक जाड झालं! आणि नुसतं हॉकीतच नाही हो. टोरोंटोत पोरांना बेसबॉल शिकवत असताना त्यांनी कॅचरजवळ एक सोललेलं सफरचंद देऊन ठेवलं. तिसऱ्या बेसवर प्रतिस्पर्धी धावक उभा. कॅचरने सफरचंद तिसऱ्या बेसच्या रक्षकाच्या डोक्यावरून भिरकावलं. धावकाला वाटलं थ्रो चुकला, तो खुशीत होम बेसकडे सुटला, तर तिथे कॅचर खरा चेंडू घेऊन वाट बघत उभा!

सामन्यांची चित्रफीत लावून शिकवायची पद्धतही त्यांनी फार आधी धरली. लोक त्यांना 'कॅप्टन व्हिडिओ' म्हणायचे. त्यांचा एक कुत्राही होता, त्याचं... कोण खुणावतंय? चिठ्ठी. "सात मिनिटं. नंतर अल्पोपाहार." बरं. कुत्रा राहू द्या. एवढंच सांगतो की नंतर एनएचएलचे आठ संघ सांभाळून या माणसाने घर मात्र पीटरबरो परिसरातच ठेवलं, २००३ साली गेले तेही तिथेच. आज मेमोरियल सेंटरपाशी त्यांच्या नावाचा रस्ता आहे.

आता मूळ मुद्दा, जरा धावतच.

पहिलं कारण मालकी. साठीच्या दशकात एनएचएलने ज्युनिअर संघ पोसायची पद्धत बंद केली, तेव्हा हा संघ एखाद्या धनिकाच्या खिशात न जाता गावाच्या हाती राहिला. तो आजही गावचे लोक संचालक मंडळातून चालवतात, नफा खिशात घालणारा मालक नाही. संघ विकून दुसरीकडे हलवायला आधी विकणारा तर हवा! गावातला जनरल इलेक्ट्रिकचा कारखाना २०१८ साली बंद झाला, कारण तो निर्णय गावाबाहेर झाला. पीट्सबद्दल तसा निर्णय बाहेरून होऊच शकत नाही.

दुसरं, पोरांचं राहणं. पुढे एनएचएल गाजवलेला स्टीव्ह आयझरमन नेपियनहून आला, तसाच क्रिस प्रॉन्गर ड्रायडनहून. अशी पोरं गावातल्या कुटुंबांत राहतात, तिथेच जेवतात, गावच्याच शाळेत जातात. पुण्यात वारावर जेवून शिकलेल्या मुलांबद्दल त्या घरांना जे वाटायचं, तेच. आपल्या टेबलावर जेवलेलं पोर उद्या टीव्हीवर दिसलं की त्या घराचा संघाशी संबंध जन्मभराचा होतो. प्रशिक्षकांचंही तेच, त्यातले बरेच आधी इथले खेळाडू होते.

तिसरं, चषक. मेमोरियल कप एकदाच, १९७९, ब्रँडनविरुद्ध जादा वेळेत २-१. लीगचं विजेतेपद मात्र दहा वेळा, १९५९ पासून थेट २०२३ पर्यंत. म्हणजे अधूनमधून आशेला पाणी मिळत राहिलं. आईस हॉकीचा सर्वात गाजलेला खेळाडू वेन ग्रेट्स्कीसुद्धा इथे तीन सामने खेळून गेलाय, पोरसवदा वयात, बदली म्हणून. हे पीटरबरोत कुणीही तुम्हाला न विचारता सांगेल.

चौथं मला सांगायचं होतं रिंकबद्दल. पूर्वी तिचे कोपरे गोलाईदार नव्हते, जवळजवळ काटकोनी होते, आणि पाहुण्या संघाचा पक कुठे उसळेल ते घरच्या पोरांनाच ठाऊक असायचं. नवी रिंक बांधावी की नको यावर नगरपालिकेत वर्षानुवर्षं काथ्याकूट चालू आहे. वेळ नाही.

खरी धास्ती वेगळी आहे. २०२५ पासून अमेरिकन कॉलेजांनी कॅनडातल्या या ज्युनिअर खेळाडूंना दार उघडलंय. अठरा-एकोणीसचं चांगलं पोर आता पीटरबरोत का थांबेल? गावाने संघ हलू दिला नाही हे खरं, पण पोरांना कसं थांबवणार? लीगकडे याचं धड उत्तर अजून मला दिसलेलं नाही. प्रश्न असतील तर बटाटेवड्याच्या रांगेत विचारा, नीलसनच्या कुत्र्याची गोष्टही तिथेच सांगतो.