पहिली तलवार घेतलीये? मग आधी हे बघा, धार नंतर लावू

नमस्कार मंडळी. आज तलवारीबद्दल बोलायचंय, म्हणजे मार्शल आर्ट शिकणाऱ्याची जी पहिली तलवार असते ना तिच्याबद्दल. मला सगळ्यात जास्त जो प्रश्न येतो तो असा की दादा तलवार घेतली, आता धार कशी लावू. आणि माझं उत्तर दर वेळी तेच असतं, लावूच नका. निदान पहिलं वर्षभर तरी नाही. धार कशी लावतात ते मी आज सांगणार आहे, सगळं नीट सांगणार आहे, पण त्याच्या आधी बऱ्याच गोष्टी येतात आणि त्या धारेपेक्षा जास्त महत्त्वाच्या आहेत, त्यामुळे व्हिडिओ पुढे ढकलून थेट धारेवर जाऊ नका प्लीज.

आणखी एक, तलवार घरात ठेवायला, बाहेर न्यायला, धारदार असायला परवानगी आहे का हे तुम्ही राहता तिथल्या कायद्यात आधी बघा. प्रत्येक ठिकाणी नियम वेगळे आहेत.

तर मुळात घ्यायची कुठली. सुरुवातीला लाकडी घ्या. जपानी पद्धत शिकत असाल तर बोकेन, चिनी पद्धत असेल तर लाकडी जियान, म्हणजे सरळ दुधारी तलवार, युरोपियन लाँगसोर्ड, म्हणजे दोन हातांनी धरायची लांब तलवार, असेल तर नायलॉनची. हे ऐकून बरेच जण नाराज होतात, मला माहितीये, पण बोकेन, म्हणजे जपानी सरावाची लाकडी तलवार, अर्धा किलोच्या आसपास असतो आणि खरी कताना, म्हणजे जपानी बाकदार तलवार, एक किलो किंवा त्याच्या थोडी वर, आणि तेवढं वजन हाताच्या टोकाला, मनगटापासून लांब, थांबवायला खांदे आणि पाठ तयार व्हावी लागते. ती तयारी लाकडावर होते. त्यानंतर धातूची घ्यायची ती बोथट. कताना शिकणाऱ्यांसाठी इआइतो म्हणून मिळते, जस्त आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची, दिसायला अगदी खऱ्यासारखी, पण तिला धार लागतच नाही आणि ती कशावर मारायचीही नसते. हवेत कवायत करायला आणि म्यानातून काढायला-घालायला शिकायचं असेल तर त्याहून चांगली वस्तू नाही.

आता स्टीलची घेणार असाल तर एक गोष्ट आधी विचारा, टँग कसा आहे. टँग म्हणजे पात्याचा तो भाग जो मुठीच्या आत जातो, बाहेरून दिसत नाही, आणि फसवणूक नेमकी तिथेच होते. भिंतीवर टांगायच्या शोभेच्या तलवारी असतात ना, त्यात बहुतेक वेळा पातं मुठीपाशीच संपतं आणि पुढे एक बारीक सळई वेल्ड केलेली असते. अशी तलवार जोरात फिरवली की वेल्ड तुटतो आणि पातं उडून जातं, समोर कोण उभं आहे ते काय ती बघत नाही. शिवाय ती पाती बहुधा स्टेनलेसची असतात, स्टेनलेस सुरीला छान, पण एवढ्या लांबीला ठिसूळ पडतं. शोभेची तलवार भिंतीवर राहू द्या, ती फिरवायची नाही म्हणजे नाही, एकदासुद्धा नाही. सरावाची तलवार कार्बन स्टीलची हवी. १०४५, १०६०, १०९५ असे नंबर दिसतील, त्यातले शेवटचे दोन आकडे कार्बन सांगतात, म्हणजे १०६० मध्ये साधारण ०.६० टक्के. जितका कार्बन जास्त तितकी धार टिकते पण जपावंही जास्त लागतं. नवशिक्याला मी १०६० किंवा ५१६० सांगतो, ५१६० हे स्प्रिंगचं स्टील आहे, चूक झाली तरी वाकून परत सरळ होतं, बरंच सहन करतं. नंबर बघून हुरळून जाऊ नका पण, पाणी, म्हणजे तापवून-थंड करून स्टील कडक करणं, नीट दिलेलं नसेल तर कुठलंही स्टील वाया.

हे जवळून बघा आता. कॅमेरा इकडे. ही कतानाची मूठ, आणि हे इथे दोरीच्या विणीच्या मध्ये एक गोल ठिपका दिसतोय, ती बांबूची खुंटी आहे, मेकुगी म्हणतात. सगळं पातं मुठीत धरून ठेवायचं काम मुख्यतः हिचं. केवढीशी आहे बघा. प्रत्येक सरावाच्या आधी, प्रत्येक म्हणजे प्रत्येक, अंगठ्याने दाबून बघायचं की ती हलतेय का, वर आलीये का, चिरलीये का. मग मूठ धरून पातं हलकं हलवायचं, खट असा बारीक आवाज आला तर त्या दिवशी सराव बंद. बांबूच का, तर बांबूचे धागे लांब असतात, तो एकदम तुटत नाही, आधी दबतो आणि ढिला पडतो, म्हणजे तुम्हाला सूचना मिळते. तिथे लोखंडी खिळा ठोकून कामचलाऊ दुरुस्ती करणारे लोक असतात, तसं अजिबात करू नका, खिळा लाकडाला आतून कुरतडतो आणि मूठच फाटते. युरोपियन किंवा चिनी तलवारीत मुठीच्या शेवटचा गोळा बघायचा, नट असेल तर घट्ट आहे का, आणि गार्ड, म्हणजे मूठ आणि पात्याच्या मधली हात वाचवणारी आडवी पट्टी, हलतंय का.

जागा. तलवार हातात, हात पूर्ण लांब, त्यावर एक पाऊल, एवढं अंतर चारी बाजूंना मोकळं हवं, आणि वर पण हवं. वर बघायचं लोक विसरतात, छत, पंखा, दिवा. पायाखाली सतरंजी किंवा चटई सरकणारी नको. मुलं, पाळीव प्राणी असतील तर दार आतून बंद. आणि एक नियम मनात पक्का करून ठेवा, तलवार हातातून सुटली तर पकडायला जायचं नाही. हात मागे, पाय मागे, पडू द्या. पात्याला ओरखडा गेला तर दगडाने निघतो, बोटाचं तसं नसतं.

आता सगळ्यात जास्त बोटं कुठे कापतात, तर वार करताना नाही, म्यानात परत घालताना. दमलेलो असतो, सराव संपत आलेला असतो, लक्ष उडतं आणि घाई होते. डाव्या हाताने म्यान धरताना बोटं धारेच्या बाजूने गुंडाळायची नाहीत, म्यानाच्या दोन्ही बाजूंना धरायची, कारण लाकडी म्यान म्हणजे दोन फळ्या चिकटवलेल्या असतात, काढताना पातं धारेच्या बाजूला दाबलं गेलं तर ते आतून कापत जातं, सांधा उघडतो आणि पलीकडे तुमची बोटं असतात. पातं काढताना आणि घालताना नेहमी पात्याच्या पाठीवर, म्हणजे धारेच्या उलट्या बोथट बाजूवर, टेकून सरकवायचं, धारेवर नाही. नवीन असाल तर म्यानाच्या तोंडाकडे बघून घाला, न बघता घालायची हौस पुढे कधीतरी, बोथट पात्यावर.

वाराचं बोलायचं तर धारेची दिशा आणि वाराची दिशा एकच असायला हवी, जपानीत हासुजी म्हणतात. पात्याला खोबण असेल तर दिशा बरोबर आली की सूं असा स्वच्छ आवाज येतो, तिरकी गेली की आवाज फाटतो किंवा येतच नाही. म्हणजे बोथट तलवारसुद्धा तुम्हाला शिकवते, धार नसली म्हणून काही अडत नाही. पाय कुठे आहे तेही बघा. वरून उजवीकडून खाली डावीकडे तिरका वार करताना उजवा पाय पुढे हवा, डावा पुढे राहिला तर तलवार थेट तुमच्याच गुडघ्याकडे येते. आणि दोघांनी मिळून सराव असेल तर स्टीलची धारदार पाती एकमेकांवर कधीच नाही, लाकूड किंवा नायलॉन, आणि तोंडावर मास्क.

बरं, आता धार. वर्ष-दीड वर्ष झालं, शिकवणारे हो म्हणाले, ओली गुंडाळलेली चटई कापायचा सराव सुरू करायचाय, तेव्हाची गोष्ट. ग्राइंडरला हात लावायचा नाही. कडेचं स्टील इतकं पातळ असतं की काही सेकंदात तापतं, आधी पिवळसर आणि मग ३०० अंशांच्या आसपास निळसर रंग दिसतो, आणि निळं दिसलं की समजा तिथलं पाणी उतरलं, ती जागा मऊ झाली, आता कितीही घासा धार टिकणार नाही. हाताने, पाण्याच्या दगडावर, ४०० मग १००० मग ३००० ग्रिट, बास. ग्रिट म्हणजे दगडाचा खरखरीतपणा, आकडा मोठा तितका दगड बारीक. तलवार टेबलाला फडकं घालून क्लॅम्प करा, धार तुमच्यापासून पलीकडे, आणि दगड हातात घेऊन तो फिरवा. सुरीसारखी तलवार दगडावर ओढायला गेलात तर एवढं लांब पातं सावरत नाही. कापापासून वाचवणारे हातमोजे घाला. कडेला मार्करने काळं करा, दोन हात मारा आणि बघा काळं कुठून गेलं. फक्त अगदी धारेच्या कडेवरून गेलं तर कोन फार उभा आहे, फक्त मागून, पाठीच्या बाजूने गेलं तर फार झोपलाय. ३ सेंमी रुंद पातं असेल आणि २० अंश कोन हवा असेल तर दगडाची मागची कड पाठीपासून साधारण १ सेंमी वर येते, तेवढं डोळ्याला बसवून घ्या. एका वेळी १० सेंमीचाच तुकडा, दुसऱ्या बाजूला बोटाला आडवी खरखर लागली की बाजू बदला. बोट आडवं फिरवायचं, धारेच्या लांबीवरून कधीच नाही. केसासारखी बारीक धार करायच्या मागे लागू नका, ती पहिल्या वारात दुमडते. कतानाच्या टोकाला, तिथे जो कोपरा असतो त्याला हात लावू नका, तो एकदा गोल झाला की परत आणणं आपलं काम नाही. आणि तलवार जुनी, वडिलोपार्जित असेल तर काहीच घासायचं नाही, टँगवरचा गंजसुद्धा नाही, जाणकार लोक त्यावरूनच तिचं वय ओळखतात.

सराव झाला की कोरड्या फडक्याने पुसायचं, पाठीकडून धरून, मुठीकडून टोकाकडे एकाच दिशेने, मग मिनरल ऑइलचा अगदी पातळ थर, ओघळ नको. घामाच्या बोटांचे ठसे राहिले तर दोन दिवसांत तांबूस डाग येतो. चामड्याच्या म्यानात महिनोन्महिने ठेवू नका, चामडं ओल धरतं. आडवी ठेवा, कताना असेल तर धार वर, आणि कुलपात. चावी तुमच्याकडे, दुसरी कुठे ठेवलीये ते घरातल्या एका मोठ्या माणसाला माहीत असू द्या.