शिक्र्याच्या तावडीतून सुटलेले कबूतर

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या वर्षी थंडीच्या सुरुवातीला, डिचोली तालुक्यातील आमच्या घराच्या मागीलदारी भर दुपारी कबुतरांची एकदम फडफड झाली. बाहेर धावत जाऊन पाहतो तो तुळशीच्या कट्ट्याजवळ एक शिक्रा माझ्या पांढऱ्या मादीला पाठीवरून दाबून बसलेला होता आणि तिची पिसे उपटून बाजूला टाकीत होता. मी ओरडताच तो उडून फणसावर जाऊन बसला, आणि मादी जिथे होती तिथेच, पंख पसरून, डोळे अर्धवट मिटून पडून राहिली. कबुतरे पाळणाऱ्या गोव्यातील बहुतेक घरांत असा प्रसंग कधी ना कधी येतो. अशा वेळी काय करावे, आणि त्याहूनही काय करू नये, याविषयी आज मी बोलणार आहे.

शिक्रा हा आकाराने कबुतराएवढाच, किंबहुना किंचित लहान. पूर्ण वाढलेले कबूतर उचलून नेणे त्याला सहसा जमत नाही, म्हणून तो त्याला जमिनीवर दाबून धरतो. त्याच्या तावडीतून कबुतरे सुटतात ती यामुळेच. हिवाळ्यात आपल्याकडे येणारा बहिरी ससाणा वरून सूर मारून हवेतच तडाखा देतो, आणि त्याचा नेम लागला तर कबूतर क्वचितच वाचते.

सुटलेले कबूतर हातात आले की आपला जीव कासावीस होतो, आणि पहिली चूक तिथेच घडते. ती मी स्वतः केलेली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका जखमी नराच्या चोचीत मी घाईघाईने साखरेचे पाणी ओतले; दोन वेळा ठसकून तो माझ्या तळहातावरच गेला. त्याची जखम फारशी खोल नव्हती. पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या अगदी मुळाशी उघडते, आणि धक्क्याने अर्धमेल्या झालेल्या पक्ष्याला गिळण्याचे भान नसते, त्यामुळे ओतलेले पाणी थेट फुफ्फुसांत जाते, हे मला नंतर कळले. म्हणून पहिल्या एक-दोन तासांत ना पाणी, ना दाणा, ना हळद.

त्याला हवी असते ती ऊब, अंधार आणि शांतता. कबुतराच्या शरीराचे तापमान सुमारे 41 अंश सेल्सिअस असते आणि धक्क्यात ते झपाट्याने उतरते. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोके पाडावीत, आत जुना टॉवेल अंथरावा, आणि बाटलीत गरम पाणी भरून ती फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवावी, म्हणजे उष्मा जास्त वाटल्यास पक्षी दुसऱ्या बाजूला सरकू शकतो. विजेचा दिवाही चालतो; पण वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसल्यामुळे बाटलीच मला बरी वाटते, फक्त पाणी निवले की बदलायला विसरू नये. खोका स्टुलावर ठेवून स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. रक्ताच्या वासाला आपल्याकडच्या मुंग्या किती लवकर येतात, हे सांगायला नकोच.

पक्ष्याला धरण्याविषयीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. आपल्यासारखे श्वासपटल पक्ष्याला नसते. छातीचे हाड पुढे-मागे हलवूनच तो श्वास घेतो. म्हणजे प्रेमाने का होईना, छातीभोवती मूठ आवळली की त्याचा श्वास कोंडतो. पाय दोन बोटांमध्ये, पंख अंगाशी मिटलेले आणि छाती मोकळी, असे त्याला तळहातावर धरावे.

पक्षी उबदार झाला, डोळे उघडून सावध बसला, की मग जखमा पाहायच्या. वाहते रक्त असेल तर मात्र थांबू नये. स्वच्छ कापडाची घडी हलक्या हाताने काही मिनिटे दाबून धरावी. शिक्र्याच्या नखाची जखम वरून टाचणीच्या टोकाएवढी दिसते आणि आत खोल गेलेली असते, आणि पिसांखाली ती झाकलेली राहते. ओल्या कापसाने पिसे बाजूला सारीत मान, पाठ, पंखांखालची बगल आणि छाती अशी इंच-इंच तपासणी करावी. माझ्या मादीच्या पाठीवर मोठा उघडा भाग दिसत होता, त्यामुळे मी पाठीचीच काळजी करीत बसलो होतो. संध्याकाळी तिने स्वतःहून वाटीतले पाणी प्यायले आणि छातीवरची पिसे भिजू लागली. ती पिसे सारून पाहिली, तर गळ्याखालच्या अन्नाच्या पिशवीला करंगळीच्या नखाएवढी फट पडली होती आणि तिच्या तोंडाशी मुगाचा एक हिरवा दाणा अडकलेला होता. अशी जखम घरी बरी होत नाही. पिशवी आणि कातडी यांना वेगवेगळे टाके घालावे लागतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या पशुवैद्यांनी ते घातले.

साधी जखम धुण्यासाठी एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ, म्हणजे छोटा सपाट दीड चमचा, पुरते. त्यानंतर पोव्हिडोन-आयोडीन पाण्यात मिसळून, फिक्या कोऱ्या चहाचा रंग येईल इतके पातळ करून लावावे. आपल्या आयाबायांचा हळद-खोबरेल तेलावर फार विश्वास, आणि माणसाच्या बाबतीत तो असू द्यावा. पण तेल लागलेली पिसे एकमेकांना चिकटतात, पक्ष्याची ऊब धरून ठेवण्याची सोयच जाते, आणि चोचीने साफ करताना ते तेल पोटात जाते. तेलकट मलमालाही हेच लागू पडते. घरातली अंगदुखीची गोळी चुरून देण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होऊन ती लाखोंनी मेली, आणि 2006 साली आपल्या देशात जनावरांसाठी त्यावर बंदी आणावी लागली, हे आठवले तरी पुरे.

पशुवैद्याकडे न्यायचे ते पहिल्याच दिवशी, जमले नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी. शिकारी पक्ष्यांच्या नखांवर सडक्या मांसातले जंतू असतात आणि बारीक छिद्र वरून मिटले तरी आत पू धरतो, म्हणून प्रतिजैविक बहुतेक वेळा द्यावेच लागते. ते कोणते आणि किती, हे वजन करून त्यांनाच ठरवू द्यावे. कातडीखाली फुगा आल्यासारखा दिसला आणि बोटाने दाबल्यावर चुरचुरला, तर आतली हवेची पिशवी फुटलेली असते. पंख लोंबत असेल तर हाड मोडल्याची शंका घ्यावी. पक्ष्यांची हाडे दोन-तीन आठवड्यांत जुळतात, पण वाकडी जुळली तर उड्डाण कायमचे जाते. दमट हवेत माश्यांचा त्रासही मोठा असतो. जखमेभोवती पिसांवर तांदळाच्या कणीसारखे पांढरे काही दिसले, तर ती माशीची अंडी समजून लगेच काढून टाकावीत.

आता खाण्याचे. पाणी उथळ वाटीत द्यावे. कबूतर चोच बुडवून ओढून पाणी पिते, म्हणून फार तर चोचीचे टोक वाटीत टेकवून दाखवावे, नाकपुड्या बुडवू नयेत. चोवीस तासांत दाणा उचलला नाही, तर भिजवून मऊ केलेले वाटाणे किंवा कोमट पाण्यात सोडलेले गोठवलेले हिरवे मटार एकेक करून चोचीत, जिभेच्या मागे ठेवावेत; मग ते आपसूक गिळले जातात. टाके घातलेल्या माझ्या मादीला वैद्यांनी सांगितल्याप्रमाणे मी एका वेळी सात-आठच मटार देत असे, दिवसातून पाच-सहा वेळा. पुढचा घास देण्यापूर्वी गळ्याखालची पिशवी हलकेच चाचपून ती रिकामी झाली आहे ना, हे पाहायचे. विष्ठेवरही नजर ठेवावी: गडद हिरवी आणि पातळ विष्ठा म्हणजे पोटात अन्न जात नाही, आणि वर पांढरी टोपी असलेली घट्ट गोळी दिसली की समजावे, गाडे रुळावर आले. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज एकाच वेळी वजन करून ते वहीत लिहावे. पुढे नेहमीचे मूग, तूर, ज्वारी आणि मका चालू करताना थोडा शिंपल्यांचा चुराही ठेवावा. आपल्याकडे तिसऱ्यांच्या शिंपा काही विकत आणाव्या लागत नाहीत, त्या उकळून, वाळवून, कुटल्या की झाले. खोका साफ केल्यावर हात साबणाने धुवावेत.

पिसांची चिंता करू नये. मुळासकट उपटलेले पीस काही आठवड्यांत पुन्हा येते. मध्येच तुटलेले मात्र पुढची पिसे झडण्याची वेळ येईपर्यंत तसेच राहते. तोवर पक्ष्याला बाहेर सोडणे म्हणजे शिक्र्याला आमंत्रणच, कारण एकदा शिकार मिळालेल्या जागी तो कित्येक दिवस फेऱ्या घालतो. आमच्याकडे शेजारच्या मुलाने गलोल काढली होती, ती मी परत ठेवायला लावली. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली शिक्र्याला संरक्षण आहे, आणि एरवी तो सरडे आणि उंदीर मारूनच पोट भरतो. मी ढाबळीपुढे बारीक जाळी लावली, आणि ऐन दुपारी कबुतरे सोडणे बंद केले.

मादीला मी सहाव्या आठवड्यात, संध्याकाळी, जोडीदार नर ढाबळीवर बसलेला असताना सोडले. ती दारापर्यंत चालत गेली, एक डोळा वर करून फणसाकडे बराच वेळ पाहत राहिली, आणि मग उडाली ती फक्त कौलापर्यंत.