मुलाची वाटी कधी बाजूला काढायची?

पुढच्या रांगेत अजून जागा आहे, या. ज्यांच्या कडेवर मूल आहे त्यांनी दाराजवळ बसलं तरी चालेल. मूल कुरकुरलं की बाहेर एक चक्कर मारून या, काही बिघडत नाही. आजचा विषय पत्रिकेवर छापलाच आहे: एक ते चार वर्षांची मुलं असलेल्या घरात सोमवार ते शुक्रवारच्या जेवणाची आखणी. ती सांगायचीच आहे. पण एक सवय मोडल्याशिवाय कुठलीही आखणी मंगळवारच्या पुढे टिकत नाही, म्हणून सुरुवात त्या सवयीपासून.

ती सवय म्हणजे घास मोजणं. "आज चारच घास खाल्ले." "काल निदान अर्धी वाटी तरी संपवली होती." ज्यांच्या घरी या आठवड्यात हे बोललं गेलं त्यांनी हात वर करा. बघा, काहींचे दोन्ही हात वर आहेत! पुढे काय होतं तेही तुम्हाला ठाऊक आहे. मूल खात नाही म्हणून दुसरं काहीतरी करायचं, तेही नको म्हटलं की तिसरं, आणि शेवटी दूध. पाच दिवसांत दहा पदार्थ होतात आणि आईबाबा ओट्याशी उभ्या उभ्या मिळेल ते तोंडात टाकतात.

आधी पोट केवढं ते बघू. जागतिक आरोग्य संघटना लहान बाळांच्या आहाराचा हिशोब करताना पोटाची क्षमता दर किलो वजनामागे ३० ग्रॅम धरते. म्हणजे दहा किलोच्या मुलाच्या पोटात एका वेळी ३०० ग्रॅम मावतं, पाणी आणि दूध धरून. जेवणाच्या अर्धा तास आधी १५० मिली दूध दिलं असेल तर निम्मं पोट तिथंच भरलं. त्या मुलानं चार घास खाल्ले तर ते हट्ट करत नाहीये, त्याला खरंच भूक नाहीये.

आता एका प्रयोगाबद्दल जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण या विषयात त्याच्याइतकं शिकवणारं दुसरं काही नाही. १९२६च्या सुमारास अमेरिकेत क्लारा डेव्हिस या बालरोगतज्ज्ञांनी नुकतंच दूध सुटलेल्या बाळांपुढे साध्या पदार्थांचा ट्रे ठेवायला सुरुवात केली. १९३९ साली त्यांनी १५ मुलांचे निष्कर्ष मांडले. यादीत ३४ पदार्थ होते: धान्यं, फळं, भाज्या, अंडी, मांस, दूध. परिचारिकेनं चमचा हातात घेऊन गप्प बसायचं. मुलानं एखाद्या वाटीकडे हात नेला किंवा बोट दाखवलं तरच चमचा भरायचा. "हे खा" म्हणायचं नाही, खाल्लं म्हणून शाबासकी नाही, चेहऱ्यावर नाराजीही नाही. (शेवटची अट सगळ्यात अवघड, हे इथे बसलेल्या कुणालाही पटेल.)

मुलांनी खाल्लं ते बघून मोठ्यांना घेरी यावी. एकाची न्याहारी म्हणजे अर्धा लिटर संत्र्याचा रस आणि काळीज. रात्रीच्या जेवणात बरीच अंडी, केळी आणि दूध. पण काही आठवड्यांचा एकत्र हिशोब केला तेव्हा मुलं पुरेसं, चौरस खात होती आणि छान वाढत होती. एका बाळाला मुडदूस होता, त्याच्या ट्रेवर कॉड माशाच्या यकृताच्या तेलाचा छोटा पेला ठेवला. ते बाळ बरं होईपर्यंत ते तेल कमीजास्त पीत राहिलं आणि नंतर त्यानं ते सोडून दिलं.

या प्रयोगाचा अर्थ "मुलाला हवं ते द्या" असा लावणारे फार आहेत, आणि इथे मला आवाज थोडा चढवावासा वाटतो. ट्रेवर साखर नव्हती, बिस्किटं नव्हती, पाकिटातलं काहीच नव्हतं. खरी मेख पदार्थांच्या यादीत होती, हे डेव्हिसबाईंनी स्वतःच सांगून ठेवलंय. यादी मोठ्यांची, निवड मुलाची. पुढे एलिन सॅटर या आहारतज्ज्ञांनी हीच वाटणी अधिक नेमकी केली: काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं, किती खायचं आणि खायचं की नाही हे मुलानं. १९९१ साली लीअॅन बर्च आणि सहकाऱ्यांनी दोन ते पाच वर्षांच्या १५ मुलांचं सहा दिवसांचं खाणं मोजलं. एकेका जेवणातल्या उष्मांकांत सरासरी ३३.६ टक्के चढउतार होता, पण दिवसाच्या बेरजेत फक्त १०.४ टक्के. दुपारी कमी खाल्लं ते संध्याकाळी भरून निघतं. म्हणून घास मोजू नका, वजन-उंचीचा तक्ता बघा. तक्त्यातली रेघ सपाट झाली किंवा खाली वळली तर थेट डॉक्टरांकडे जा, तिथे वाट बघायची नाही.

वेगळा पदार्थ करायचा नाही, तर मुलाला द्यायचं काय? सगळ्यांच्याच पातेल्यातलं. वर्षाच्या मुलाला बहुतेक सगळं घरचं जेवण झेपतं. फक्त त्याची वाटी योग्य वेळी बाजूला काढायला हवी, आणि ती वेळ चुकली की सगळं बिनसतं. दोन मोठे, एक लहान आणि थोडं उद्यासाठी असं एक पातेलं घेऊ. मसूर डाळ १५० ग्रॅम, पाणी ६०० मिली, दोन गाजरं, एक बटाटा, एक कांदा, एक टोमॅटो. भाज्यांच्या फोडी अर्ध्या सेंटिमीटरच्या करा, म्हणजे डाळीबरोबरच वीसेक मिनिटांत शिजतील. गाजराची फोड बोटाच्या चिमटीत सहज चिरडली की आंच मंद करा. हाच तो क्षण. मीठ, तिखट, मसाला काही पडायच्या आत मुलाची वाटी, साधारण १५० ग्रॅम, बाजूला काढा. त्यात एक छोटा चमचा तेल किंवा लोणी घाला, चार थेंब लिंबू पिळा. मग मोठ्यांसाठी पातेल्यात मीठ घाला, लसूण-मिरची तेलात परतून वरून ओता.

मीठ आधी का नको? ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या सल्ल्यानुसार एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसभरात २ ग्रॅमपेक्षा जास्त मीठ नको. हे पातेलं होतं साधारण १२०० ग्रॅमचं आणि मोठ्यांच्या चवीला त्यात सुमारे ९ ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट दीड चमचा, लागतं. त्यातल्या १५० ग्रॅमच्या वाटीत १.१ ग्रॅम मीठ येतं. एका वाटीत निम्म्याहून जास्त दिवस संपला! सूपच्या तयार वड्या वापरत असाल तर त्याही वाटी काढल्यानंतरच, त्यांत मीठ भरपूर असतं.

लिंबू चवीपुरतं नाही. डाळीतलं लोह शरीराला सहज मिळत नाही, क जीवनसत्त्व सोबत असलं की जास्त मिळतं. या वयाला दिवसाला साधारण ७ मिलिग्रॅम लोह लागतं. दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर गेलं की भूक मारतं आणि लोहही आत जाऊ देत नाही. चहा तर नकोच.

वाटी पातळ करून देणं ही दुसरी नेहमीची चूक. चमचा तिरका केल्यावर पदार्थ हळू घसरला पाहिजे, पाण्यासारखा ओघळला तर पोट पाण्यानंच भरेल. आणि मिक्सरमध्ये फिरवू नका, काट्यानं दाबा. गुठळ्या जिभेवर फिरवल्याशिवाय चावायला येत नाही.

आयोजकांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. लिहून घ्या, भरभर सांगते ते सगळं आखणीबद्दलच आहे.

आठवड्यात दोनदाच मोठा स्वयंपाक: रविवारी आणि बुधवारी. कारण शिजवलेलं अन्न फ्रिजमध्ये तीन दिवसांच्या पुढे भरवशाचं नाही. सोमवारी रविवारचं डाळीचं पातेलं आणि ताजा भात. मंगळवारी उरलेली डाळ आटवून, उकडलेल्या बटाट्यात मळून चपट्या टिक्क्या तव्यावर भाजा. सैल वाटल्या तर एक अंडं घाला. मुलासाठीची डाळ अर्थातच बिनमिठाची, वेगळ्या डब्यातली. बुधवारी जेवायला अंडी आणि भाजी, वीस मिनिटांत होतं, आणि शेजारच्या शेगडीवर दुसरं पातेलं चढवा: टोमॅटोत शिजवलेलं चिकन किंवा भिजवलेले राजमा. भिजवलेला राजमा आधी दहा मिनिटं खळखळून उकळा, मग पूर्ण मऊ शिजवा. अर्धाकच्चा राजमा पोट बिघडवतो. गुरुवारी तेच भाताबरोबर, शुक्रवारी तेच पास्त्यात.

रोजच्या ताटात मूल हमखास खातं असा एक पदार्थ हवाच, मग तो नुसता भात किंवा केळं का असेना. नवीन पदार्थ त्याच्या शेजारी चमचाभर ठेवा, बोलू नका. आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा समोर आल्यावर ओळख पटते. दोन वेळा नाकारलं म्हणून "त्याला आवडत नाही" असं ठरवू नका. खाण्याच्या दोन वेळांत अडीच-तीन तासांचं अंतर, मध्ये फक्त पाणी. वीस-तीस मिनिटांनी ताट उचला, चेहरा शांत ठेवून.

भाताबद्दल नीट ऐका. शिजलेला भात बाहेर राहिला तर त्यात जंतू विष तयार करतात आणि गरम केल्यानं ते विष जात नाही. तासाभरात पसरून गार करा, फ्रिजमध्ये ठेवा, २४ तासांत संपवा. फ्रीझरसाठी बर्फाचा ट्रे वापरा. एका खणात साधारण दोन मोठे चमचे मावतात, पाच खणांची एक वाटी होते. डब्यावर तारीख लिहा. वाफ येईपर्यंत एकदाच गरम करा, मायक्रोवेव्ह असेल तर ढवळा, कारण कडेला गरम आणि मध्ये गार राहतं.

द्राक्षं उभी चिरून चार भाग करा. अख्खे दाणे-बदाम पाच वर्षांपर्यंत नकोत, पूड करून द्या. वर्षाच्या आत मध नाही. खाताना मूल बसलेलं हवं, पळत नाही.

मागून विचारतायत, वाटीत उरलेलं उद्या चालेल का? नाही. चमच्याबरोबर लाळ त्यात गेलेली असते, ती वाटी परत फ्रिजमध्ये ठेवू नका. म्हणून पहिल्यांदा दोनच चमचे वाढा आणि बाकीचं झाकून ठेवा. मुलानं मागितलं की स्वच्छ पळीनं आणखी दोन.